रक्ताचा कौल

सदर : घरचे आरोग्य

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीपाशी कारीट फोडायचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. दिवाळी अंकाचेही तसेच असावे. कथा, विनोद, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांचा फराळ भरपूर असतो. त्यात एखादे कडू पान निघाले तर वाचक संपादकांवर रागावणार नाहीत, एवढ्या भरवशावर यंदा या सदरात एक कडू विषय घेतला आहे. विषय पित्ताचा आहे, तेव्हा कडूपणा त्याच्या अंगचाच म्हणायचा!

निमित्त झाले ते एका पत्राचे. ते मारुंजीहून एका भगिनीने पाठविले आहे. हिंजवडीच्या संगणक-नगरीला लागून असलेले हे गाव पुष्कळांना ठाऊक असेल. भाताची खाचरे आणि उसाचे मळे यांचा हा मुलूख. कासारसाईचा साखर कारखाना इथून फार दूर नाही. आता त्याच शिवारात उंच उंच इमारती उठल्या आहेत, आणि त्यांतल्या घराघरांत मुलगा-सून संगणकावर आणि आजोबा गॅलरीत, असा संसार चालू असतो. पत्र अशाच एका घरातले आहे. नावनिशी वगळून त्यातला मजकूर असा :

'माझे सासरे भोसरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे यंत्रांवर काम करून निवृत्त झाले. वय एकाहत्तर. आषाढीच्या सुमारास त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले आणि अंगाला खाज सुटली. दुखत मात्र काहीच नव्हते. नात्यातल्या मंडळींच्या आग्रहावरून तीन आठवडे काविळीचे गावठी औषध झाले. पिवळेपणा वाढतच गेला, तेव्हा सोनोग्राफी आणि स्कॅन केले. पित्तनलिकेत कर्करोगाची गाठ आहे, असे निदान झाले. शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असे डॉक्टर म्हणाले. पण माझ्या दिरांनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन मोबाईलवर काही भागाकार केला. उत्तर सहा आले. हा आकडा पाचाच्या वर गेला की माणूस फार दिवस काढत नाही, असे त्यांच्या वाचनात आले आहे. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, रक्तानेच कौल दिला आहे, आता या वयात चिरफाड कशाला? दुसरा म्हणतो, प्रयत्न सोडायचा नाही. सासऱ्यांना यातले काहीच सांगितलेले नाही. ते आमच्या तोंडाकडे बघत बसतात. रक्त खरोखरच असा कौल देते का?'

प्रश्न एका घराचा असला तरी तो आज अनेक घरांत विचारला जात आहे. पूर्वी रिपोर्ट डॉक्टरांच्या हाती जायचा आणि ते सांगतील तेवढे आपल्याला कळायचे. हल्ली तो आधी मोबाईलवर येतो आणि घरातला हुशार मुलगा डॉक्टरांच्या आधी तो वाचून काढतो. वाचतो ते खोटे असतेच असे नाही. परंतु खरी गोष्टही अर्धी वाचली तर खोट्यापेक्षा जास्त घात करते. म्हणून ती पुरी वाचू या.

पित्ताची वाट

आपले यकृत दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर पित्त तयार करते. झाडाच्या पानातल्या शिरा एकमेकींना मिळत मिळत देठापाशी एक होतात, तशा यकृतातल्या बारीक पित्तनलिका एकत्र येऊन उजवी आणि डावी अशा दोन नलिका होतात. यकृताच्या दाराशी त्या दोघी मिळतात आणि पुढे एकच नलिका आतड्यात जाऊन उघडते. वाटेत पित्ताशयाची पिशवी तिला जोडलेली असते.

या वाटेत कुठेही कर्करोग होऊ शकतो. यकृताच्या आत झाला तर तो बराच काळ गप्प राहतो. दोन नलिका मिळतात त्या संगमावर किंवा त्याच्या खाली झाला, तर पित्ताची वाट अडते आणि कावीळ होते. संगमावरच्या या गाठींचे बारकाईने वर्णन अमेरिकेतील डॉक्टर क्लॅटस्किन यांनी 1965 साली केले, म्हणून त्यांना आजही क्लॅटस्किनच्या गाठी म्हणतात. एकंदरीत हा रोग विरळाच. जगात तो सर्वांत अधिक आढळतो ईशान्य थायलंडमध्ये, कारण तिथे नदीचे कच्चे मासे खाण्याची चाल आहे आणि त्या माशांतून यकृतात शिरणारे चपटे कृमी वर्षानुवर्षे पित्तनलिकांना डिवचत राहतात. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे. आपल्या देशात या रोगाची थोरली बहीण, म्हणजे पित्ताशयाचा कर्करोग, अधिक दिसते; गंगेकाठच्या प्रदेशात तर विशेष.

आता काविळीबद्दल दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या घरांत कावीळ म्हटली की ती दूषित पाण्याची, असेच गृहीत धरतात. दिल्लीत 1955-56 साली पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली होती. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले गेले आणि हा विषाणू तोवर माहीत असलेल्या 'ए' व 'बी' या विषाणूंपेक्षा निराळा आहे, असे 1980 साली प्रसिद्ध झाले. त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. अशी पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात कोणी माळ घातली, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ते पिवळे करून दाखविले, कोणी झाडपाला दिला, तर उतरलेल्या काविळीचे श्रेय त्याला जाते. देणाऱ्याची श्रद्धा खरी असेल. पण वाट अडल्यामुळे झालेली कावीळ अशी उतरत नाही. आणि तीन आठवडे गेले ते गेलेच.

ही दुसरी कावीळ ओळखण्याच्या खुणा घरच्या बाईलाही कळण्यासारख्या आहेत. लघवी चहाच्या पाण्यासारखी गडद होते. शौचाचा रंग उडून ते पांढुरक्या मातीसारखे होते, कारण त्याला रंग देणारे पित्त आतड्यात पोहोचतच नाही. अंगाला रात्री झोप येऊ नये इतकी खाज सुटते. वजन उतरते. पोट मात्र बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या रोगाला आपण फार मान देत नाही! पन्नाशीच्या पुढच्या माणसाला अशी कावीळ झाली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली पाहिजे. या लेखातील दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल, हे राहावे.

शिपाई आणि फौजदार

आता त्या भागाकाराकडे वळू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार असतात. त्यांतल्या दोघांशी इथे काम आहे. न्यूट्रोफिल हे पहाऱ्यावरचे शिपाई समजा. कुठे काही गडबड झाली की हाडांच्या मगजातील छावणीतून ते शेकड्यांनी बाहेर पडतात आणि जागेवर जाऊन सापडेल त्याला झोडपतात. लिम्फोसाइट हे फौजदार. ते चेहरे लक्षात ठेवतात, जुना गुन्हेगार ओळखतात, आणि कर्करोगाच्या पेशींना हुडकून काढण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे. नेहमीच्या 'सीबीसी' तपासणीत दोघांची टक्केवारी छापलेली असते. शिपायांच्या संख्येला फौजदारांच्या संख्येने भागले की तो आकडा निघतो. समजा, शिपाई 78 टक्के आणि फौजदार 13 टक्के, तर उत्तर सहा. निरोगी माणसात तो साधारण एक ते तीनच्या दरम्यान असतो. ही सोपी मापनपद्धत ब्राटिस्लाव्हाचे डॉक्टर झाहोरेक यांनी 2001 साली पुढे मांडली. ती अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांसाठी होती. कर्करोगवाल्यांनी ती नंतर उचलली.

पण रक्तातल्या दाहाचा आणि कर्करोगाचा संबंध काय? दाह म्हणजे काय, ते रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी चार शब्दांत सांगून ठेवले आहे : लाली, सूज, ऊब आणि ठणका. पायात काटा मोडला की या चारी गोष्टी आपण अनुभवतो. काटा निघाला की दाह विझतो. परंतु काटा निघालाच नाही तर? जर्मन पंडित विर्शो याने 1863 साली कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि वर्षानुवर्षे धुमसत राहिलेल्या दाहाच्या जागी कर्करोग उगवत असावा, असा तर्क केला. त्या काळी तो मागे पडला. आज थायलंडच्या त्या कृमींकडे पाहिले की विर्शोचे बोलणे पटते : जिथे नलिका सतत डिवचली जाते, तिथेच हा रोग अधिक.

पुढे असेही लक्षात आले की गाठ एकदा झाली की ती दाहाला आपल्या चाकरीला लावते. ज्या शिपायांनी घर राखायचे, त्यांच्याकडूनच ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या खोदून घेते, पसरायला वाट करून घेते आणि फौजदारांना दूर ठेवते. म्हणून शिपाई वाढलेले आणि फौजदार घटलेले रक्त ही चांगली खूण नव्हे.

अशा खुणा आणखीही आहेत. 'ईएसआर' तर आपल्या वडीलधाऱ्यांच्याही ओळखीचा. रक्त नळीत उभे ठेवले की तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात, ते माप. स्वीडनचे फोरेअस यांनी 1918 च्या सुमारास त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. दुसरी 'सीआरपी'. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. ते यकृतात तयार होते. एरवी अगदी अल्प असते, पण कुठे दाह पेटला की एक-दोन दिवसांत शेकडो पटींनी वाढते आणि दाह विझला की तितक्याच लगबगीने उतरते. तिसरे अल्ब्युमिन; तेही यकृताचेच, पण त्याची चाल उलटी. दाह वाढला, खाणे सुटले, अंग खंगले की ते हळूहळू घटते. ग्लासगोच्या डॉक्टरांनी या दोहोंची मिळून एक गुणपत्रिका केली आहे : सीआरपी लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेले तर एक गुण, अल्ब्युमिन लिटरमागे 35 ग्रॅमच्या खाली आले तर दुसरा. शाळेत जास्त गुण मिळाले की पेढे. इथे शून्य मिळाले की पेढे.

जपान, चीन, कोरिया, युरोप इथल्या रुग्णालयांनी पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या शेकडो रुग्णांचे जुने कागद काढून हे आकडे तपासले. अनेक अभ्यास एकत्र मांडल्यावर निष्कर्ष बहुतांशी एकाच दिशेने जातो : ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच दाहाच्या खुणा ठळक होत्या, त्यांचे आयुष्य सरासरीने कमी भरले. तेव्हा मारुंजीच्या दिरांनी वाचले ते काही कपोलकल्पित नव्हे. शास्त्राचा त्याला आधार आहे.

कौल की अंदाज?

मग चुकते कुठे? तीन ठिकाणी.

पहिली गोष्ट. रस्त्यावर एकाएकी पोलिसांची गर्दी दिसली तर काहीतरी चालले आहे, एवढे नक्की. पण दंगल आहे की मंत्र्यांचा दौरा, ते नुसत्या गर्दीवरून सांगता येत नाही. रक्तातल्या शिपायांचेही तसेच. पित्ताची वाट अडली की तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि नलिकेला संसर्ग होतो. त्याने शिपाई वाढतात, सीआरपी चढते, अल्ब्युमिन उतरते. म्हणजे सहा हा आकडा गाठीचा आहे, की तुंबलेल्या गटाराचा आहे, की दोहोंचा मिळून? काविळीच्या ऐन भरात घेतलेल्या रक्तावरून ते उलगडत नाही. दाढ सुजली, न्यूमोनिया झाला, स्टेरॉइडची गोळी चालू असली, तरीही हा भागाकार फुगतो. 'सीए 19-9' नावाची एक तपासणी या रोगात करतात. वाट अडली असताना तीही अशीच फसवते. म्हणून जाणते डॉक्टर दुर्बिणीने आत एक छोटी नळी, म्हणजे स्टेंट, बसवून किंवा बाहेरून नळी घालून पित्ताला वाट करून देतात, संसर्ग असल्यास प्रतिजैविके देतात, बिलिरुबिन उतरू देतात, आणि मग पुन्हा रक्त पाहतात. पिंपरीला 1954 साली सरकारी पेनिसिलिनचा कारखाना निघाला, त्या पंचक्रोशीतील वाचकांना जंतूंचा दाह औषधाने विझतो हे निराळे सांगायला नको. जो आकडा प्रतिजैविकाने उतरतो, त्यावर आयुष्याचा हिशेब मांडणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी गोष्ट. धोक्याची रेघ कुठे ओढायची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी अडीचावर ओढली, कोणी तिनावर, कोणी पाचावर. बहुतेक अभ्यास मागे वळून केलेले. आधी काय झाले ते पाहायचे आणि मग कोणत्या रेघेने दोन गट चांगले वेगळे पडतात ते शोधायचे. निशाणी आधी लावून मग बाण मारणे वेगळे आणि बाण लागला तिथे निशाणी काढणे वेगळे. शिवाय ज्या अभ्यासात काही निघाले तो छापून येतो. ज्यात काही निघाले नाही तो कपाटात राहतो. यामुळे दिशा खरी असली, तरी नेमका आकडा कच्चाच राहतो. एका भागाकारावरून शस्त्रक्रिया करावी की करू नये हे ठरवावे, असा मान्य नियम वैद्यकात आज नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुण्याची वेधशाळा जेव्हा सांगते की मध्य महाराष्ट्रात पाऊस सरासरीहून कमी पडेल, तेव्हा ती मारुंजीच्या एका शेताविषयी बोलत नसते. 'सरासरी' हा शब्द गटाचा आहे; माणूस एकटा असतो. उदाहरण घ्या. 2010 साली इंग्लंडमध्ये पित्तमार्गाच्या कर्करोगावरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात 410 रुग्ण होते. एका गटाला एकच औषध दिले, दुसऱ्याला दोन औषधे जोडून. पहिल्याचा मध्य 8.1 महिने आला, दुसऱ्याचा 11.7 महिने. मध्य याचा अर्थ असा की निम्मे रुग्ण त्याच्या आत गेले आणि निम्मे त्याच्या पुढेही जगले. किती पुढे, ते मध्य सांगत नाही. 2022 साली त्या दोन औषधांना प्रतिकारशक्तीला जोर देणारे तिसरे औषध जोडून पाहिले. या चाचणीत 685 रुग्ण होते. मध्य 11.5 वरून 12.8 महिन्यांवर गेला. 'एवढ्यासाठी एवढा खटाटोप?' असे कोणी म्हणेल. पण दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे दहावरून सुमारे पंचविसावर गेले होते. मध्यावर नजर ठेवणाऱ्याला ती पंधरा माणसे दिसलीच नसती.

या चाचण्या शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांच्या होत्या, हेही लक्षात घ्यावे. ज्यांची गाठ पूर्ण काढता येते, त्यांची गोष्ट वेगळी. निरनिराळ्या रुग्णालयांच्या अहवालांत अशा शंभरांपैकी वीस ते चाळीस जण पाच वर्षांनंतरही हयात आढळतात. शस्त्रक्रिया मोठी आहे, जोखमीची आहे, रोग उलटण्याचे भय राहते, हे सारे खरे. पण बहुतेक रुग्णांचा रोग कळतो तेव्हा तिची वेळ टळून गेलेली असते. ज्याला डॉक्टर आपण होऊन 'विचार करता येईल' म्हणतात, तो त्यातल्या त्यात भाग्यवान. एका भागाकारासाठी हे दार आपल्याच हाताने लावून घेऊ नये.

अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 साली पोटाच्या अस्तराचा एक दुर्धर कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी पुस्तके काढली, तेव्हा मध्य आठ महिने असल्याचे वाचले. संख्याशास्त्राची जाण असल्याने त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : उरलेल्या निम्म्यांचे काय? आपले वय, रोगाची अवस्था, उपचार यांचा विचार करून आपण त्या लांब शेपटीत असण्याचा संभव आहे, असे त्यांनी ताडले. ते आणखी वीस वर्षे जगले आणि 2002 साली निराळ्याच कर्करोगाने गेले. प्रत्येकाचे असे होईल, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु आकडा वाचायचा तर तो गूल्ड यांच्यासारखा पुरा वाचावा.

मग या खुणांचा उपयोग काहीच नाही का? आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1941 सालापासून कर्करोगाचे रुग्ण येत आहेत. तिथल्या महागड्या तपासण्या प्रत्येक तालुक्याला परवडणाऱ्या नाहीत. सीबीसी मात्र गल्लीतल्या प्रयोगशाळेत होते. वाट मोकळी झाल्यावर, संसर्ग निवाल्यावरही दाहाच्या खुणा हटत नसतील, तर डॉक्टर सावध होतात : रोग दिसतो त्याहून पसरला आहे का, हे पुन्हा पाहतात, रुग्णाच्या पोषणाकडे आधीपासून लक्ष देतात, वेदना आणि अशक्तपणा यांवरील उपचार शेवटावर ढकलत नाहीत. नव्या औषधांच्या चाचण्यांत दोन गट समतोल पाडायलाही हे आकडे कामी येतात. स्वयंपाकघरातल्या काट्याने सोने तोलू नये. पण म्हणून काटा फेकून द्यायचा नसतो.

तर मग करावे काय?

मारुंजीच्या भगिनींना आमचे सांगणे असे.

पहिले, कावीळ आणि संसर्ग यांचा बंदोबस्त होईपर्यंत तो भागाकार बाजूला ठेवा. नंतरच्या रक्ताचा कागद डॉक्टरांपुढे ठेवून थेट विचारा : 'दाहाच्या खुणा उतरल्या का? नसतील तर त्याचा अर्थ तुम्ही काय घेता?' एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकड्याची चाल अधिक बोलते.

दुसरे, निर्णय या प्रश्नांवर करा : गाठ पूर्ण निघण्याजोगी आहे का? यकृताचा उरणारा भाग पुरेसा आहे का? हृदय आणि फुप्फुसे शस्त्रक्रिया सोसतील का? सासरे स्वतःचे स्वतः किती हिंडतात-फिरतात? यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या दुसऱ्या एका शल्यविशारदाचे मत जरूर घ्या. असे मत मागण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

तिसरे, नळी बसविल्यावर थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. त्याच रात्री रुग्णालयात न्या. नळी तुंबून होणारा संसर्ग फार झपाट्याने चढतो.

चौथे, आकडा उतरविण्याच्या मागे लागू नका. 'दाहनाशक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि काढे अडलेल्या यकृतावर नवा भार टाकू शकतात. स्टेरॉइडने तर सीआरपी उतरते आणि शिपाई वाढतात. एका खुणेने पास, दुसरीने नापास, आणि रोग जागच्या जागी! तापमापक फोडल्याने ताप जात नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून वरण, अंडी, दूध, मासे, थोडे थोडे आणि वारंवार पोटात जाऊ द्या. रोज अंगणात किंवा गच्चीत चालवा. अंगात ताकद असलेला माणूस उपचार सोसतो, हे कोणत्याही भागाकारापेक्षा खात्रीचे आहे.

आणि पाचवे, जे पत्रात विचारलेले नाही, पण पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. 'ते आमच्या तोंडाकडे बघत बसतात,' असे तुम्ही लिहिले आहे. ताई, ज्या गृहस्थांनी पस्तीस वर्षे यंत्रे चालविली, त्यांना गेज वाचता येत नाही असे का समजता? यंत्राचा काटा चढला म्हणजे बेअरिंग गेले असेल, किंवा नुसती जाळी तुंबली असेल. आधी जाळी साफ करायची, मग पुन्हा काटा बघायचा, हे त्यांना तुमच्या दिरांपेक्षा आणि आमच्यापेक्षा चांगले कळते. घरात दोन तट पडले आहेत, आणि ज्यांच्या देहाचा प्रश्न आहे त्यांना एकाही तटात जागा नाही. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, ते आधी विचारा. मग डॉक्टरांसमक्ष, शांतपणे, त्यांना हवे तेवढे सांगा. ते 'करू या' म्हणाले तर सारे घर एका बाजूला येईल. 'नको' म्हणाले तरीही येईल. आणि तो निर्णय भीतीने केलेल्या भागाकाराचा नसेल, जाणत्या माणसाचा असेल.

कोकणात देवापुढे कौल लावतात तेव्हा फूल उजवीकडे पडले की डावीकडे, एवढेच पाहायचे असते. रक्ताचे तसे नाही. रक्त कौल देत नाही. ते बातमी देते. बातमी कालची असते, अपुरी असते, तिचा खुलासा जाणत्याकडून करून घ्यावा लागतो. तो करून घ्यावा आणि उरलेला वेळ बातम्या वाचण्यात न घालवता माणसापाशी बसण्यात घालवावा.

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवतो. यंदा त्याच्या जोडीला घरातल्या वडीलधाऱ्यांकडे दिव्याच्या नव्हे, दिवसाच्या उजेडात एकदा निरखून पाहा. डोळ्यांचा पिवळेपणा ट्यूबलाइटच्या प्रकाशात चटकन ध्यानात येत नाही. सर्व वाचकांना आणि मारुंजीच्या त्या घराला ही दिवाळी आरोग्याची जावो.